डोक्यावरचा सूर्य आणि पायाखालची सावली

विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवर, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या उमरखेड तालुक्यात वर्षातून दोन दिवस असे येतात की, भर मध्यान्ही सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली दिसेनाशी होते. उमरखेडचे अक्षांश सुमारे १९.६ अंश उत्तर. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे सरकताना एकदा आणि परत फिरताना एकदा असा दोन वेळा थेट माथ्यावर येतो. पहिला दिवस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. खगोलप्रेमी मंडळी यास 'शून्य सावलीचा दिवस' म्हणतात आणि शाळांतून मुलांना तो कौतुकाने दाखवितात. कौतुक योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी, त्याच घटकेस शिवारात कोण उभे असते, याचा विचार सहसा होत नाही. पहिल्या दिवशी तेथे वखरणी आणि धसकटे वेचण्याचे काम चालू असते, दुसऱ्या दिवशी कपाशी-सोयाबीनचे निंदण. ओणव्याने निंदणाऱ्या बाईची मान, पाठ आणि हात माथ्यावरच्या सूर्याला पूर्ण उघडे असतात.

सूर्यापासून माणसाला तीन गोष्टी मिळतात : प्रकाश, उष्णता आणि अतिनील किरण. पहिल्या दोहोंशी आपल्या समाजाचा परिचय पिढ्यान् पिढ्यांचा आहे. ऊन लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा गुंडाळणे, बाहेर पडण्यापूर्वी पोटभर पाणी पिणे, घरी आल्यावर ताक किंवा कैरीचे पन्हे घेणे, हे शहाणपण घराघरांत आहे. तिसऱ्या गोष्टीची मात्र ओळख अद्याप झालेली नाही. याचे कारण साधे आहे. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला उष्णही लागत नाहीत. ज्याची चाहूल इंद्रियांना लागत नाही त्यापासून सावध राहण्यास ज्ञानच लागते, आणि हे ज्ञान शाळेच्या पाठ्यपुस्तकातून शिवारापर्यंत पोहोचलेले नाही.

उष्णता वेगळी, किरण वेगळे

दृश्य प्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, त्याहून कमी तरंगलांबीचे जे किरण असतात, ते अतिनील. शास्त्रज्ञ त्यांचे अ, ब आणि क असे तीन गट करतात. 'क' गटातील किरण सर्वाधिक घातक. परंतु वातावरणातील ऑक्सिजन आणि ओझोन ते पूर्णपणे शोषून घेतात. 'ब' गटातील बहुतांश किरण ओझोनचा थर अडवितो. जे थोडे खाली उतरतात ते त्वचा भाजतात आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. 'अ' गटातील किरण बव्हंशी जमिनीपर्यंत येतात, त्वचेत अधिक खोल शिरतात, अकाली सुरकुत्या आणि डाग आणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले छिद्र जगासमोर आणले. पुढे १९८७ मध्ये १६ सप्टेंबरला माँट्रियल करार झाला आणि ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. तेव्हापासून अतिनील किरण म्हटले की सुशिक्षित माणसाला ते दूरच्या दक्षिण ध्रुवावरचे संकट वाटते. वस्तुतः उष्ण कटिबंधावर ओझोनचा थर निसर्गतःच पातळ असतो. त्यात येथे सूर्य माथ्यावर असल्याने किरणांना वातावरणातून कमी अंतर कापावे लागते. उमरखेडच्या उन्हातील अतिनील किरणांचे मूळ कोणत्याही छिद्रात नाही, ते भूगोलात आहे. छिद्र भरून आले तरी हे ऊन असेच राहणार आहे.

उष्णता आणि अतिनील किरण यांच्या वेळाही एक नाहीत. उमरखेडला सूर्य माध्यान्हीस येतो तो घड्याळात साधारण सव्वाबाराच्या सुमारास. अतिनील किरणांचा जोर त्याच वेळी सर्वाधिक असतो. दिवसभरातील निम्म्याहून अधिक किरण माध्यान्हीच्या आगेमागे दोन-दोन तासांत येतात. हवा मात्र हळूहळू तापते. पारा सर्वांत वर जातो तो दुपारी तीनच्या आसपास. त्यामुळे 'ऊन तापले' म्हणून जो एक वाजता बांधावरच्या झाडाखाली जातो, त्याने उष्णतेचा कहर चुकविलेला असतो, परंतु किरणांचा मुख्य मारा अंगावर घेतलेला असतो.

हाच प्रकार ऋतूंचा. जुलैमध्ये आभाळ भरून येते, वारा गार असतो, अंगाला ऊन जाणवत नाही. परंतु विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. शिवाय हे किरण हवेत विखुरतात आणि निळ्या आकाशातून चहूबाजूंनी उतरतात. म्हणून एकट्या विरळ झाडाच्या सावलीतही ते काही अंशी पोहोचतात. पावसाळ्यातील निंदणाचे दिवस आणि हिवाळ्यातील कापूस वेचणीचे दिवस सुखाचे वाटतात खरे. पण ते निर्धोक नाहीत.

याची पारख करण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. स्वतःची सावली पाहावी. सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर किरणांचा जोर कमी. सावली उंचीहून आखूड झाली की सावध व्हावे. आता एक हिशेब पाहण्यासारखा आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास, उमरखेडला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. त्या दिवशीही माणसाची दुपारची सावली त्याच्या उंचीहून किंचित आखूडच भरते. त्याच दिवशी लंडनला सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि सावली उंचीच्या साडेतीन पटींहून लांब पडते. अर्थ असा की, लंडनच्या माणसाला हिवाळ्याचे कित्येक महिने या किरणांची चिंता नाही. उमरखेडच्या शिवारात मात्र भर दुपारी निश्चिंत राहावे असा एकही दिवस पंचांगात नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी यासाठी अतिनील निर्देशांक ठरविला आहे. निर्देशांक ३ ते ५ मध्यम, ६ व ७ उच्च, ८ ते १० अति उच्च आणि ११ पासून पुढे टोकाचा. निर्देशांक ३ झाला की काळजी घ्यावी, असा संघटनेचा सल्ला आहे. भारताच्या पठारी प्रदेशात उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी तो टोकाच्या पायरीवर जातो. हवामान सांगणाऱ्या मोबाइल संचांवर हा आकडा तापमानाच्या शेजारीच दिसतो. तापमान सगळे वाचतात; शेजारचा आकडा कोणी पाहत नाही.

भीती कशाची?

आपल्या समाजात उन्हाची भीती अजिबात नाही असे नाही. भीती आहे, पण ती रंगाची आहे. मुलगी उन्हात खेळली तर 'काळी पडशील' असे तिला बजावले जाते. 'डोळे जपून राहा' असे कोणी म्हणत नाही. या भीतीवर देशात मोठी बाजारपेठ उभी राहिली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने नावातच गोरेपण विकले. २०२० मध्ये ते नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करण्यात आले. नाव बदलले, समजूत बदलली का, हा प्रश्न विवाहेच्छूंच्या जाहिराती वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

गोरेपणाच्या मलमांनंतर आता सनस्क्रीनचा क्रमांक लागला आहे. हे मलम निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. योग्य रीतीने लावल्यास ३० अंकाचे सनस्क्रीन 'ब' किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडविते. परंतु 'योग्य रीतीने' या शब्दांत मोठा खर्च दडला आहे. प्रौढ माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळेस सुमारे ३० मिलिलिटर मलम लागते आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. ५० ग्रॅमची नळी अशाने एक दिवसही पुरणार नाही. केवळ चेहरा, मान आणि हात यांपुरते लावायचे म्हटले तरी रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हा खर्च झेपणारा नाही. परिणामी जी दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसते तिच्या पिशवीत सनस्क्रीन असते, आणि जी आठ तास उन्हात असते तिच्या हाती काहीच नसते. ज्याला गरज कमी त्याला संरक्षण अधिक, ही विसंगती बाजाराच्या नियमाने सुटणारी नाही.

तपकिरी त्वचेची देणगी आणि तिची मर्यादा

भारतीय त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य विपुल असते. ते अतिनील किरण शोषते आणि आतील पेशींचे रक्षण करते. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण भारतीयांत कमी आहे ते मुख्यतः यामुळे. याउलट ऑस्ट्रेलियात ढगाळ युरोपातून गेलेल्या गोऱ्या वसाहतकारांचे वंशज प्रखर उन्हात राहतात आणि तेथे या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक देशांत मोडते. म्हणून १९८१ पासून तेथे सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा अशी मोहीम चालली. टोपी नसलेल्या मुलाला मैदानावर खेळू न देण्याचा नियम शाळांनी केला. जो वर्ण आपल्याकडे लाजेचा विषय केला गेला, तो या भूमीच्या सूर्याखाली हजारो वर्षांत घडलेले कवच आहे. सावळ्या मुलीला हे एकदा जरी घरातून सांगितले गेले, तरी बाजाराच्या अर्ध्या जाहिराती निष्प्रभ होतील.

तथापि कवचालाही मर्यादा आहेत. चेहऱ्यावर वांग उमटण्यास आणि ते गडद होण्यास ऊन कारणीभूत ठरते. अंगावर कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांत मेलॅनिन नसते. ती जागा चटकन भाजते. काही औषधांमुळेही त्वचा उन्हाला हळवी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांना हे कवच पुरेसे नाही. वर्षानुवर्षे डोळ्यांत जाणारे अतिनील किरण मोतीबिंदूचा धोका वाढवितात. बुबुळावर मांसाची झिल्ली सरकत येण्याच्या विकारातही त्यांचा वाटा आहे. मोतीबिंदूची कारणे अनेक आहेत, वय हे त्यांतील मोठे. परंतु ऊन हे असे कारण आहे की जे टाळता येते. बोंडातून कापूस वेचणारी स्त्री दृष्टीवर पोट भरते. तिला पन्नाशीत धुरकट दिसू लागले तर घरातील एक मिळकत जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची शिबिरे भरविणे हे पुण्यकर्म आहेच. त्या शिबिरात येण्याची वेळ दहा वर्षे पुढे ढकलणे हेही तेवढ्याच मोलाचे कार्य आहे.

येथे काळ्या चष्म्याविषयी सावध केले पाहिजे. अतिनील किरण न अडविणारी स्वस्त रंगीत काच डोळ्यापुढे अंधार करते, त्यामुळे बाहुली विस्फारते आणि किरण उलट अधिक आत जातात. रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर याहून बरा.

सावलीत वाढणारी पिढी

चित्राची दुसरी बाजू मध्यमवर्गीय घरात दिसते. ज्या 'ब' किरणांनी त्वचा भाजते, त्याच किरणांनी त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि हाडांना कॅल्शियम मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी दिसणाऱ्या दिल्लीकरांतही या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती त्यात बरी होती; छताखाली काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका मागे होत्या. सूर्याच्या देशात सूर्यामुळे मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडावा, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे. शाळेची गाडी, शिकवणी आणि दूरचित्रवाणीसमोरची संध्याकाळ यांत मुलाच्या अंगावर ऊन पडणार केव्हा? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने हे काम होत नाही, कारण काच 'ब' किरण अडविते.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला आणि महाराष्ट्राच्या घराघरांत तो व्यायाम पोहोचविला. प्रातःकाळी मोकळ्या मैदानात घातलेले नमस्कार शरीराला लवचीक करतात, फुप्फुसांना बळ देतात आणि त्या वेळचे कोवळे ऊन त्वचेला बाधत नाही. परंतु उगवत्या सूर्याच्या तिरप्या किरणांत 'ब' किरण फारच थोडे असतात, त्यामुळे पहाटेच्या नमस्कारांनी 'ड' जीवनसत्त्वाची गरज भागते असे मानणे बरोबर नाही. परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनी तिच्याविषयी खरे तेच सांगावे; तिचे मोल त्याने घटत नाही. जीवनसत्त्वासाठी दिवस वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात वावरावे, आणि अंग चुरचुरण्याच्या कितीतरी आधी सावलीत यावे. सावळ्या त्वचेला यासाठी गोऱ्या त्वचेहून अधिक वेळ लागतो. ज्यांची हाडे दुखतात वा ज्यांची तपासणी कमतरता दाखविते, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अशा रीतीने एकाच तालुक्यात दोन टोके आहेत. शिवारात उन्हाचा अतिरेक, घरात उन्हाचा अभाव.

कोणी काय करावे?

पहिला उपाय अंगावरच्या वस्त्राचा. विदर्भ-मराठवाड्यातील शेतमजूर स्त्रिया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवितात, डोक्याला व तोंडाला फडके बांधतात. शहरी माणसाला हा वेश विनोदी वाटतो. शास्त्राच्या कसोटीवर तो उत्तम आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड किरण चांगले अडविते. झिरझिरीत पांढरे सुती वस्त्र गार वाटते, पण त्यातून किरण बरेच आत येतात, आणि ते घामाने भिजले की अधिकच. तेव्हा डोक्यावरचा दुपट्टा एकपदरी न ठेवता दुहेरी करावा, मान आणि कान झाकावेत. याला पैसा लागत नाही.

दुसरा उपाय वेळेचा, आणि तो मजुराच्या हाती नाही. निंदणाचे काम सूर्योदयाला सुरू करून अकराच्या आत संपविता येते. कापूस वेचणीचे तसे नाही. पहाटेच्या दवाने बोंडे ओली असतात. ऊन चढल्याशिवाय वेचणीला हात लावता येत नाही, आणि मजुरी किलोवर मिळत असल्याने बाई दुपारी थांबत नाही. थांबली तर तिचाच तोटा. म्हणून माध्यान्हीचे दोन तास थांबूनही मजुरी घटणार नाही अशी व्यवस्था मालकानेच केली पाहिजे. उमरखेड, ढाणकी, पुसद येथील कितीतरी सुशिक्षित कुटुंबांची शेती आहे. ती नोकरी-व्यवसाय सांभाळून मजुरांकरवी करवून घेतली जाते. या कुटुंबांनी शेतात चार बांबूंवर दाट मांडव घालावा, पाण्याचा माठ ठेवावा आणि दुपारची सुट्टी ठरवून द्यावी. समाजहिताच्या गोष्टी सभेत बोलणाऱ्याची परीक्षा आपल्या धुऱ्यावर होते.

शासनाचीही जबाबदारी आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना देशाला दिली. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विश्रांती आणि मुलांसाठी सावली यांची तरतूद लिहिली गेली. कागदावरची ही सावली किती कामांवर प्रत्यक्ष पडली, हे गावोगावच्या मजुरांना विचारावे. योजनेचे नाव कोणतेही असो, ती तरतूद पाळली जाते की नाही हे पाहणे ग्रामसभेचे काम आहे. रस्ते रुंद होतात तेव्हा कडेची जुनी वड-कडुनिंबाची झाडे जातात आणि त्यांच्या जागी दुभाजकात शोभेची झुडपे येतात. झुडपाखाली माणूस उभा राहू शकत नाही. बसथांबा, बाजार, शाळेचे पटांगण येथे दाट पानांची झाडे गटाने लावण्याचा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.

शेवटी सार्वजनिक कार्यक्रमांविषयी. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर, तळपत्या उन्हात झाला आणि १४ जणांचा बळी गेला. श्रद्धेने आलेली ती माणसे होती. शिस्तीने बसून राहिली. त्यांचा घात उष्णतेने केला, परंतु धडा व्यापक आहे. ज्याच्या शब्दावर माणसे उन्हात बसतात, त्याने त्यांच्या डोक्यावरच्या सूर्याचा विचार आधी केला पाहिजे. मिरवणूक, मेळावा, क्रीडास्पर्धा, विद्यार्थ्यांचे संचलन यांची वेळ ठरविताना पाहुण्यांच्या सोयीआधी सावलीची लांबी पाहावी. व्यासपीठावर मंडप आणि समोर उघडे मैदान ही पद्धत तर कायमची बंद झाली पाहिजे.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. ज्या व्यवस्थेने मुलांसाठी एवढे केले, तिला मजुरांसाठी दुपारचे दोन तास राखणे अशक्य नाही. येत्या मे महिन्यात उमरखेडच्या शाळांतून शून्य सावलीचा प्रयोग होईल तेव्हा शिक्षकांनी मुलांना सावलीचा हा नियमही शिकवावा. ती मुले घरी जाऊन आईला तो सांगतील. आणि ज्या घरी शेती आहे, तेथे वडिलांना एक प्रश्न विचारतील : आपल्या शेतात आज दुपारी मजूर कोठे बसले होते?